यानाला पूर्व नसते

मासिकांच्या मुखपृष्ठावर येणारी अवकाशयानं मला कधीच सहन झाली नाहीत. खाली आगीचा झोत, अंगाला तीन पंख, तेही जिथे हवा नाही तिथे. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवावीत तसं यान रंगवून ठेवायचं. आत चार वीर छाती काढून उभे, आणि त्यांनी पाणी कुठलं प्यायचं, हगायला कुठे जायचं, याचा चित्रकाराला पत्ता नाही.

माझं यान संडासापासून सुरू व्हायचं. त्यावरून पाणी किती ते ठरायचं, पाण्यावरून टाक्या, टाक्यांवरून वजन, वजनावरून इंजिन. कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी नोकरीला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, आणि पदवी घेऊनच बाहेर पडलो. हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. दिवसभर रसाच्या आणि वाफेच्या पाइपांचे नकाशे काढायचो, संध्याकाळी घरी यान. वरून प्लॅन, समोरून एलिव्हेशन, मधोमध कापून सेक्शन. कारखाना उसाच्या रसातलं पाणी वाफ करून काढतो आणि परत वापरतो, तीच रीत मी यानात घातली. माणसांच्या श्वासातली ओलसुद्धा टाकीत परत. उष्णता बाहेर टाकायला दोन्ही अंगांना भलेमोठे पत्रे. मुखपृष्ठवाले हे पत्रे काढत नाहीत, म्हणजे त्यांचे वीर चंद्र यायच्या आत भरताच्या वांग्यासारखे भाजून निघणार.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी एकदा नकाशावर वाकून विचारलं, "ह्यात बसून कोन जानार हाय?"

"कोणी नाही."

"मंग संडास कशाला काडला?"

"बसलंच कोणी तर लागेल ना, दादा."

हे उत्तर त्यांना पटलं. इंजिनिअर मंडळींना कधी पटलं नाही.

मग नगरला जिल्ह्याचं तांत्रिक प्रदर्शन भरायचं ठरलं आणि आमच्या ऑफिसकडून एक वस्तू मागितली गेली. ऑफिसचे प्रमुख, म्हणजे आमचे साहेब, यांनी माझ्या बोर्डावर एकदा घरून आणलेलं यान पाहिलेलं होतं. म्हणाले, हेच पाठवू, शाईने मोठ्या ट्रेसिंग पेपरवर काढा.

नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन खोकी असतात. रेखाटन, तपासणी, मंजुरी. शेवटची दोन साहेबांची. आमच्या रेखाटनाच्या खोक्यात नुसती आद्याक्षरं, तीही मुंगीएवढी. प्रदर्शनाच्या शीटवर मात्र पूर्ण नाव येणार होतं. दादांनी ह्याच कारखान्यात चोयट्या, म्हणजे रस काढलेल्या उसाची चिपाडं, उचलण्यात उमर काढली. आमचं आडनाव इथल्या कागदावर आलं ते हजेरीत, नाहीतर मेमोत. मी दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "भितीवर लागंल का?"

"लागेल."

"मंग म्या येतो. वाचीन हळूहळू."

त्या नावासाठी मी ते शीट काढलं. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षांत वास्तुशास्त्राची साथ आली होती आणि शिकलेल्यांनाच ती जास्त झाली. साहेबांनी आपल्या बंगल्याचं पुढचं दार बुजवून पूर्वेला नवं काढलं. पूर्वेला मळीची टाकी. लक्ष्मी आली की नाही माहीत नाही, पाहुणे मात्र नाकाला रुमाल लावून यायचे.

हे साहेब शीट तपासायला बसले. इंजिनावरून नजर सरकली, टाक्यांवरून सरकली, आणि स्वयंपाकघरावर येऊन थांबली.

"हे आग्नेयेला नाही."

"साहेब, यानाला पूर्व नसते. आग्नेय कुठून आणायची?"

"पूर्व नाही असं कसं? सूर्य आहे ना तिथे? सूर्य ती पूर्व."

"यान स्वतःभोवती फिरतं साहेब. स्वयंपाकघर आग्नेयेला जातं आणि लगेच निघून येतं."

"मग फिरणं बंद करा."

"फिरवलं नाही तर आतली माणसं तरंगतील."

"तरंगू द्या. आणि उत्तर कुठंय? उत्तरेचा बाण नाही प्लॅनवर. बेसिक गोष्ट आहे ही. कुठल्या कॉलेजात शिकलात?"

शेवटच्या वाक्याला शेजारच्या बोर्डावरचे दोघे हसले. कुठलं कॉलेज ते मी सांगितलं, खणखणीत. साहेब म्हणाले, "स्वयंपाकघर हलवा, बाण टाका, मी सही करतो." मी म्हटलं, "नाही हलवत." त्यांनी सही केली नाही. मी शीट गुंडाळून कपाटावर ठेवलं.

प्रदर्शनाच्या तोंडावर पाहतो तर गुंडाळी जागेवर नाही. शिपाई म्हणाला, साहेबांनी नगरला धाडली. मला वाटलं, माणसाला अक्कल आली. पदवीधर असून मी इतका भोळा होतो.

दादा कडक इस्त्रीची टोपी घालून आले. मंडपात शिरल्यावर त्यांनी माझी वाट पाहिली नाही. शीट सापडलं, कोपरा सापडला, आणि अक्षराखाली बोट सरकवत त्यांनी माझं नाव वाचलं. मग आपलं, मग आडनाव. तेवढ्यात माझी नजर वर गेली.

ते माझं शीट नव्हतं. माझ्या शीटवर नवा ट्रेसिंग ठेवून कोणाकडून तरी गिरवून घेतलेलं होतं. स्वयंपाकघर आग्नेयेला, म्हणजे जिथून माणूस बाहेरच्या पोकळीत उतरतो त्या दरवाजातच. बाहेरून परत येणाऱ्याने शेगडी ओलांडून आत यायचं. पत्रे आडवे येत होते म्हणून एका बाजूचे उडवले होते. फिरायचा आस गायब. तपासणी आणि मंजुरीच्या खोक्यांत साहेबांची सही. आणि वर कोपऱ्यात, अगदी डौलदार, उत्तरेचा बाण.

ट्रेसिंगवरची शाई रबराने निघत नाही, अर्ध्या ब्लेडने खरवडावी लागते. आमच्या धंद्यातल्या माणसाच्या पाकिटात ते ब्लेड असतंच. मी ते काढलं आणि रेखाटनाच्या खोक्यातलं नाव खरवडायला लागलो. आधी आडनाव.

साहेब धावत आले. "अहो, काय करताय? परीक्षक येतायत!"

"चूक काढतोय साहेब. तपासणीत राहून गेली."

परीक्षक आले. तिघांपैकी एकानेही शेगडीकडे पाहिलं नाही. एक जण बाणावर बोट ठेवून म्हणाला, "वा, दिशासुद्धा दाखवलीय. शास्त्रशुद्ध काम." दुसरं बक्षीस दिलं. रेखाटन कोणाचं, असं मंचावरून विचारल्यावर साहेब म्हणाले, "आमच्या टीमचं." टाळ्या पडल्या. असल्या टाळ्यांवर मी थुंकतही नाही.

स्टँडवर एसटीची वाट पाहताना दादा म्हणाले, "एवढ्या लांबून नाव बघाया आलो आन् तू माज्यादेखत खरवडलं."

"दादा, ते यान चुकीचं होतं. त्यातली माणसं मेली असती."

"तितं कुनाला कळत हुतं का?"

"कोणालाच नाही."

"सायबाचं नाव ऱ्हायलं की पन वर."

"राहू दे. ते यान त्यांचंच आहे."

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "व्हय," म्हणाले, "मंग मेलेली मानसंबी त्याचीच." आणि हसले. मी हसलो नाही.

साहेबांनी ते शीट फ्रेम करून केबिनमध्ये लावलं, कुठल्या भिंतीवर ते पंचांग बघून. दादांनी गावात एवढंच सांगितलं की पोराचं नाव नगरला भिंतीवर होतं, मी स्वतः वाचून आलो. पुढचं सांगितलं नाही. पारावरच्या लोकांनी मला विचारलं, "खरं का रं?" दादा शेजारीच बसले होते, दुसरीकडे बघत.

मी म्हटलं, "खरं आहे."