भिंग पुसायचं राहिलं

चारकोपमध्ये ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी घरात पहिला कॉम्प्युटर आणला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी चंद्रप्रकाश राऊळ कधी ना कधी जमिनीवर मांडी घालून बसलेले आहेत. समोर उघडा कॅबिनेट, हातात स्क्रूड्रायव्हर, शेजारी गार होत चाललेला चहा. माणूस मनापासून यायचा, पण येताना प्रवचनही घेऊन यायचा. आधी सोपं बघा, एवढंच त्या प्रवचनाचं सार. प्लग सैल आहे का बघा, वायर हलली आहे का बघा, धूळ बसली आहे का बघा. आणि सीडी चालत नसेल तर बाकी सगळं सोडून आधी ड्राइव्हच्या आतलं भिंग पुसा, कारण बहुतेक ड्राइव्हना दुसरा आजारच नसतो. हे ते इतक्यांदा सांगायचे की समोरच्याला ड्राइव्ह बिघडल्याचं दुःख कमी आणि राऊळकाकांना बोलावल्याचं जास्त व्हायचं.

राऊळ मूळचे मालवणकडचे. वडील परळच्या गिरणीत होते. राऊळ स्वतः आयटीआय करून चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्टॅबिलायझर बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटले, ते सुपरवायझर होऊनच निवृत्त झाले. दुकानातली तयार वस्तू त्यांना मुळातच संशयास्पद वाटते. मुलगी श्रुतिका कॉलेजात गेली तेव्हा सगळे सांगत होते की सरळ तयार कॉम्प्युटर घ्या, पण हे लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खेपा घालून एकेक भाग आणत राहिले. तिचं पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा कुठे तो सुरू झाला. पण सुरू झाला तो आजतागायत. आतला बोर्ड बदलला, मेमरी बदलली, पडदा दोनदा बदलला. कॅबिनेट आणि डीव्हीडी ड्राइव्ह तेवढे मूळचे. त्याला कुणी 'असेंबल्ड' म्हटलेलं त्यांना खपत नाही. 'घरचा' म्हणायचं, जसं घरचं तूप म्हणतात तसं.

आता हे घरचं तूप फारसं कुणाला लागत नाही. सीडी तर लोक विसरूनच गेले. राऊळांचा ड्राइव्हही वर्षभर तोंड मिटून बसलेला असायचा. उघडायचा तो दसऱ्याला. त्या दिवशी त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई पाटा-वरवंट्यापासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावायच्या, तसं कॉम्प्युटरलाही. कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचं फूल, आणि शेवटी राऊळ स्वतः बटण दाबून ड्राइव्हचा ट्रे बाहेर काढून द्यायचे, की बाई त्या ट्रेवरही हळदकुंकवाचं एकेक बोट टेकवायच्या. घरातल्या सगळ्या यंत्रांत तोंड असलेलं हे एकच, त्याला कसं वगळायचं, असं त्यांचं म्हणणं. राऊळांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट बरं वाटायचं.

यंदाचा दसरा झाला आणि पाठोपाठ रत्नप्रभाबाईंची चक्कर वाढली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या कानाला कमी ऐकू यायला लागलं होतं, तेव्हा तपासणीत कानाच्या आत, नसेवर एक छोटी गाठ निघाली. साधी गाठ आहे, वाईट नाही, नुसती नजर ठेवायची, असं तेव्हा ठरलं. ती नजर ठेवण्यात जरा ढिलाई झाली. आता चालताना घर हलल्यासारखं व्हायला लागलं आणि बाई ओट्यापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला हात लावत जाऊ लागल्या. अंधेरीच्या डॉक्टरांनी, एका तरुण बाईंनी, पुन्हा एमआरआय करायला लावला. त्याची चित्रं थेट त्यांच्या पडद्यावर आली. पण नुसत्या नव्या चित्रांवर त्यांचं भागेना. गाठ दोन वर्षांत वाढली असेल तर ऑपरेशन, नसेल तर अजून थांबू, म्हणून त्यांना जुनी चित्रं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. जुनी चित्रं होती सीडीवर. ती काढून देणारं सेंटर केव्हाच बंद पडलं होतं, आणि डॉक्टरांच्या कॉम्प्युटरला सीडीची सोयच नव्हती. सोमवारपर्यंत ती चित्रं पेन ड्राइव्हवर घालून आणा, एवढंच त्यांनी सांगितलं.

राऊळ हसले. अख्ख्या इमारतीत सीडी चालवू शकणारा एकच माणूस, आणि काम नेमकं त्याच्याकडे आलं.

घरी येऊन त्यांनी कपाटातून सीडी काढली, दोन्ही बाजूंनी उजेडात धरून बघितली, एकही ओरखडा नव्हता. बटण दाबलं. ट्रे बाहेर आला, त्यावर दसऱ्याचं कुंकू सुकलेलं होतं. त्यांनी ते अंगठ्याने पुसून लेंग्याला लावलं आणि सीडी ठेवली. ड्राइव्ह घरघरला, दिवा लुकलुकला, सीडी आत दोन-चारदा फिरायला लागली आणि थांबली. पडद्यावर पाटी आली की डिस्क घाला. त्यांनी श्रुतिकाच्या लग्नाची डीव्हीडी घातली. पुन्हा तीच पाटी. म्हणजे सीडी ठणठणीत होती, दुखणं ड्राइव्हचं होतं. इथवर सगळं त्यांच्या प्रवचनाबरहुकूम झालं.

मग मात्र राऊळांनी भलताच मार्ग धरला. शुक्रवारी डेटाची वायर बदलली. शनिवारी वीज देणारी जोडणी काढून दुसरी लावली, मग आहे त्या जागेवरून सगळ्या वायरी काढून दुसऱ्या जागी घातल्या. रविवारी संगणकातून ड्राइव्हची नोंद पुसून ती नव्याने करून घेतली, त्यानेही काही होईना तेव्हा विंडोजच अपडेट करायला लावून ते दुपारभर पडद्यावरची गोल फिरणारी टिकली बघत बसले. ड्राइव्हला मात्र त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला नाही. तळाचे चार स्क्रू काढले की भिंग समोर दिसतं, हे त्यांनी चारकोपमधल्या कितीतरी लोकांना दाखवलं होतं.

मुलुंडहून श्रुतिकाचा फोन आला. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह ऑनलाइन मिळतो, उद्या घरी येईल, मागवते, असं ती म्हणाली. राऊळांना ते झोंबलं. घरात वैद्य असताना दवाखान्यात कशाला जायचं, असं काहीतरी ते बोलले आणि फोन आईकडे दिला. सोमवारी सकाळी त्यांनी अंधेरीला फोन करून कॉम्प्युटर बिघडल्याचं सांगितलं आणि वेळ गुरुवारची मागून घेतली. फोन ठेवल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं. का वाटलं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. माणूस दुसऱ्याच्या यंत्रात जेवढा खोल शिरतो तेवढा स्वतःत शिरत नाही, आणि राऊळ त्याला अपवाद नव्हते.

मंगळवारी त्यांनी पॉवर सप्लाय खोलून त्याचा पंखा ब्रशने साफ केला. पंख्याचा आणि सीडीचा काय संबंध, हे त्यांनाच विचारायला हवं होतं. बुधवारी दुपारी पुन्हा कॅबिनेट उघडून ते बसले होते, तेव्हा रत्नप्रभाबाई आतून भिंत धरत धरत आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. बाईंना त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण प्रवचन त्यांनीही वीस वर्षं ऐकलं होतं, तेही दोन्ही कानांनी ऐकू येत होतं तेव्हापासून.

"ह्या सगळा खोललास," त्या म्हणाल्या, "आणि भिंग पुसूक नाय?"

राऊळ हातातली वायर उगीचच कुठे बसते का बघत राहिले.

"तुमका ती गाठ बघूची नाय," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच राऊळांना जड गेलं. "तुमी भियालास, ता माका कळता. पण भिंत धरून चलतंय मी."

गेले पाच-सहा दिवस आपण हिच्यासाठीच खपतोय, अशी राऊळांनी स्वतःची समजूत घातली होती. ते घाबरत होते हे खरंच होतं. सीडी चालली असती तर गाठ वाढल्याचं दिसलं असतं, तसं दिसलं असतं तर कुणीतरी तिच्या डोक्याला हत्यार लावलं असतं, आणि ते त्यांना सोसवलं नसतं. पण त्यांच्या भीतीचा प्रत्येक दिवस तिने डुगडुगत काढला होता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी मुकाट्याने ड्राइव्ह बाहेर काढला, उलटा केला आणि तळाचे चार स्क्रू काढले.

भिंगावर लालसर पूड बसली होती. कडेला थोडी हळदही होती. वर्षानुवर्षं ट्रेवर टेकवलेलं ते सगळं सुकून, ट्रे आत-बाहेर होताना झडून आत जमा झालं होतं. राऊळांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हलक्या हाताने फिरवला, तो लाल झाला. बाईंनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. आपणच केलं हे सगळं, असं त्या म्हणायला लागल्या, तेव्हा राऊळांनी त्यांना थांबवलं. ट्रे उघडून कोण देत होतं, असं त्यांनी विचारलं. मग दुसरा बोळा घेतला, आणि तो स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहिले.

सीडी पहिल्याच फेरीत लागली. काळी-पांढरी चित्रं एकामागून एक पडद्यावर आली. त्यांतलं दोघांनाही काही कळलं नाही. बाईंनी एवढंच विचारलं की यात माझं नाक कुठे आहे. राऊळांना तेही सांगता आलं नाही. त्यांनी सगळी चित्रं पेन ड्राइव्हवर उतरवली आणि ती नीट उतरलीत ना, हे दोनदा तपासलं.

गुरुवारी डॉक्टरांनी जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. डॉक्टरांना सांगावंही लागलं नाही. जुन्या चित्रातला हरभऱ्याएवढा ठिपका नव्यात बोराएवढा झाला होता, तो राऊळांनाही दिसला. डॉक्टर शांतपणे समजावत होत्या. गाठ अजूनही साधीच आहे, पण आता थांबण्यात अर्थ नाही. त्या कानाचं ऐकू येणं बहुधा जाईल, सुरुवातीला तोल सावरायला वेळ लागेल, मग हळूहळू शरीर शिकेल. बाईंनी दोन-तीन प्रश्न विचारले, तेही मुद्द्याचे. सोमवारी यायचं ठरलं होतं ना, मग उशीर का झाला, असं डॉक्टरांनी सहज विचारलं. त्यात दोष काढण्याचा सूरही नव्हता.

"आमचा कॉम्प्युटर बिघडला होता," बाई पटकन म्हणाल्या.

राऊळांनी आयुष्यभर पंप, पंखे, रेडिओ आणि स्टॅबिलायझर यांच्यावर हवे ते आळ घेतले होते. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र आळ आलेला त्यांना कधीच सोसला नव्हता. पण आत्ता ते बोलले त्याचं कारण ते नव्हतं.

"कॉम्प्युटरला काही झालं नव्हतं, डॉक्टर," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम होतं. मी घाबरलो होतो, म्हणून आठवडा लावला."

डॉक्टर मान डोलावून ऑपरेशनच्या तारखा बघू लागल्या. दिवाळीच्या आधीची एक होती, नंतरची एक. राऊळांनी बायकोकडे बघितलं. बाईंनी आधीचीच मागून घेतली. मग राऊळांच्या मनगटावर हात ठेवला आणि डॉक्टरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "आता भियालास तरी चलात. मी आसंय."