तळव्यांवरची पंधरा मिनिटं

कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी साडेतीन वाजता, वरठीला आमच्या घरी बोलणी झाली. अकरा दिवस मालिश, रोज पाऊण तास, दिवसाचे दोनशे, एकूण बावीसशे, तेल आमचं. हजर चौघं : आई, माझी बायको, मालिश करणारी मावशी आणि मी.

वडील वैशाखात गेले. तेव्हापासून आईची झोप गेली. वजन सहा किलोंनी उतरलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळे आकडे जागेवर होते. गोळीने झोप येई, पण दिवसा तोल जाई, म्हणून डॉक्टरांना विचारूनच ती बंद केली. मग बायकोने या मावशीला बोलावलं. आमच्या दोन्ही मुलांना तान्हेपणी तिनेच चोळलं होतं.

मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला. मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं. पहिली पाळी संपवून आलो की मोबाईलवर वेळ लावून दाराबाहेर खुर्ची टाकायचो. मावशी जवसाचं तेल कोमट करून आईचे खांदे, पाठ, पोटऱ्या चोळी. अर्ध्या तासात ते संपे. मग पायांशी बसून आईच्या दोन्ही तळव्यांवर हात ठेवी आणि काहीच करत नसे. पंधरा मिनिटं. आई तशीच झोपून जाई आणि दिवेलागणीला उठे. रात्रीही तीन-चार तास डोळा लागू लागला. ती झोप मी तेलाच्या खाती जमा केली.

चौथ्या दिवशी मी म्हणालो, "मावशी, मालिश तीसच मिनिटं होते. बोलणी पंचेचाळीसची होती."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं भाऊ. उद्यापासून पुरे पंचेचाळीस रगडून देईन. मोबाईल नीट लावजा, नाहीतर मिनिट इकडचं तिकडं व्हायचं."

टोमणा मला कळला, पण हिशोब बरोबर होता.

पुढचे तीन दिवस तिने पाऊण तास चोळलं आणि हात पुसून निघून गेली. तिन्ही दिवस आई जागी. सातव्या दिवशी आई म्हणाली, "बाबू, तिले उद्या येऊ नको म्हन."

"काहून? अंग दुखून राहिलं का?"

"अंग नाही दुखत. ते पायाले हात धरून बसे ना, तवा वाटे कोनीतरी हाय. तुये बाबा गेल्यापासून मले कोनी हातच नाही लावला रे. तूनं तेवढंच कापलं."

मी मोजून पाहिलं. वैशाख ते कार्तिक, सात महिने. आईला औषध, पाणी, ताट सगळं वेळेवर दिलं होतं. हात लावला नव्हता, हे खरं होतं.

दोन दिवस मालिश बंद राहिली. तिसऱ्या दिवशी मी मावशीच्या घरी गेलो. ती अंगणात धान वाळवत होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तुमच्या रीतीनं करा."

"मोबाईल?"

"घरात ठेवीन."

"मी का तुमच्या कारखान्यातली मशीन व्हय, बटन दाबून मोजाले?" ती हसली, मग थांबली. "येतो भाऊ. पन पायाशी तुमी बसा. माया हात चार दिवसाचा. तुमचा घरचाच हाय."

मालिशच्या आठव्या दिवशी तिने माझे हात आईच्या तळव्यांवर ठेवले आणि वर स्वतःचे. तळवे थंड, टाचांना भेगा. मी दाबू लागलो तर म्हणाली, "दाबू नका. नुसते ठेवा." मला ते अवघड गेलं. आईने डोळे उघडून मला पाहिलं आणि पुन्हा मिटले. झोप लागली ती दहाव्या दिवशी, माझ्या एकट्याच्या हातांखाली. वडील असतानासारखी झोप अजून येत नाही. पण येते.

अकराव्या दिवशी मी बावीसशे रुपये मोजून मावशीला दिले. तिने सहाशे वेगळे काढले.

"मधल्या तीन दिवसांचे नको. त्या दिवशी काम नाही झालं."

"तुम्ही चोळलं ना! चूक माझी होती."

"मंग दंड भरा. ज्यायचं नुकसान झालं त्यायले."

शेवटी बावीसशेच गेले. सोळाशे मावशीला, सहाशे आईला. आईने नोटा मोजल्या नाहीत. उशीखाली सारल्या आणि पाय माझ्याकडे केले.