दुसऱ्या श्रेणीतला निरोप

टोकियोतल्या निशी-कसाईहून तोझाई लाइनची मेट्रो आणि पुढे दोन गाड्या बदलून मार्चमध्ये मी त्या गावात पहिल्यांदा उतरले. समोर एक कायमचं बंद झालेलं मिठाईचं दुकान, एक कोंबिनी (चोवीस तास उघडं दुकान) आणि वाळत घातलेल्या माशांचा वास. पुण्याहून आलेल्या शाकाहारी बाईचं हे स्वागत!

गाव मोरिता-सानचं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. जपानच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळणारा तिथला फुटबॉल क्लबही, त्यांच्या मते, त्यांचाच.

"केळकर-सान, यंदा तळाला राहिलो तर तिसऱ्या श्रेणीत जाऊ," ते गाडीतच म्हणाले होते. "मग माशाच्या वड्यांचा कारखाना मदत थांबवणार. क्लब बंद."

पहिला सामना पाहिला आणि वाटलं, झाला बंद तर कुणाचं काय बिघडणार आहे? चेंडू पायाशी आला की हे खेळाडू विजेचा झटका बसल्यासारखे दचकत. गोलरक्षक तर बहुधा समुद्र बघायला आला होता. मध्यंतरात मी 'भाज्यांचाच' असं दोनदा विचारून याकिसोबा (परतलेले नूडल्स) घेतला, तर त्यावर सुक्या माशाचे पातळ काप वाफेने वळवळत होते. मोरिता-साननी ते चॉपस्टिकने एकेक करून वेचले आणि स्वतः खाल्ले.

तीन गोलांनी हरल्यावर अकरा जण आमच्यासमोर ओळीने उभे राहून कमरेत वाकले. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! "ओत्सुकारेसामा!" (दमलात हो, छान केलंत.) कसलं छान? माझ्या आईने यांना जेवायलासुद्धा वाढलं नसतं.

तरी मी जात राहिले. निशी-कसाईत दर रविवारी कुणाच्या तरी घरी इडली-सांबार आणि व्हिसाच्या त्याच त्या गप्पा असत, त्यापेक्षा हे बरं. मे गेला, घामट ऑगस्ट गेला, डोंगरावरची झाडं लाल झाली. संघ हरत होता, वाकत होता, टाळ्या घेत होता. मोरिता-सान एकदाही ओरडले नाहीत. गळ्यात मफलर, मांडीवर हात, बसलेले.

नोव्हेंबरातला शेवटचा सामना जिंकणं भाग होतं. बरोबरी चालू होती आणि अगदी शेवटी आमच्याच बचावपटूने चेंडू आमच्याच जाळ्यात ढकलला. संपलं. अकरा जण नेहमीसारखे ओळीने आले, वाकले, आणि टाळ्या सुरू झाल्या. मोरिता-सानही टाळ्या वाजवत होते. त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

ते बघून माझं डोकंच फिरलं. मी उठून शुद्ध मराठीत ओरडले, "निर्लज्जांनो! आता वाकून काय उपयोग!"

टाळ्या थांबल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काय म्हणालात?" मोरिता-साननी हळूच विचारलं.

"ते... म्हणजे... 'पुन्हा भेटू'," मी म्हणाले.

त्यांनी गळ्यातला मफलर काढून हातात घेतला. मग उभे राहिले आणि वर्षभर साठवलेल्या आवाजात ओरडले, "निरुराज्जानो!"

मागच्या आजीबाईंनी त्यांना अर्थ विचारला. त्यांनी सांगितला. आजीबाई ओरडल्या. मग त्यांच्या मागची रांग, मग पलीकडची. शेवटी दोनेक हजार माणसं रडत, मफलर उंचावत एका सुरात ओरडत होती: "निरुराज्जानो! निरुराज्जानो!" खेळाडूंना कुणीतरी अर्थ सांगितला असावा. तो बचावपटू गवतावर गुडघे टेकून हमसून हमसून रडायला लागला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो हसून लोळायचा बाकी राहिला. "अगं, उद्या ऑफिसात खरं काय ते सांगून टाक त्यांना!"

कोणत्या तोंडाने सांगू? शिवी मी त्या अकरा जणांना दिली होती, पण त्या मैदानात निर्लज्ज म्हणावं असं माणूस एकच होतं, आणि ते खेळत नव्हतं.