काकवीची बाटली

बेळगावच्या कॅम्पातून स्वस्तातली रेड वाइन घेतली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून निपाणीच्या बसमध्ये बसलो. मी शाळेत मास्तर. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा म्हणालो, "काकवी हाय."

कागद मात्र फाटला होता. लेबलावरचं नाव त्यानं घट्टे पडलेलं बोट फिरवत वाचलं.

"शिराझ! लई वर्सं छाटणी केलीया मी ह्या द्राक्षाच्या येलीची. बारका मणी, जाड साल. सालीमुळं तोंड आवळतं म्हणत्यात. मी कदी चाखली न्हाय. कशी लागती वो?"

"काकवी गोडच लागती," मी खिडकीबाहेर बघत म्हणालो.

"व्हय की," म्हणत त्यानं फाटका कागद लेबलावर नीट ओढला. माझ्याजवळची दारू कुणाला दिसू नये म्हणून.

घरी पहिल्याच घोटाला तोंड आवळलं.