आत्याची पिकअप आणि पिपाणी

आधी माफी मागून घेतो. मी लेखक नाही, आणि मेकॅनिक तर अजिबातच नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. त्यामुळे घरच्यांना वाटतं की मला सगळंच येतं. हे लिहिताना भीती वाटते ती अशी की वाचणाऱ्यांत कुणी गाडीचा खरा जाणकार निघेल आणि म्हणेल, पोरा, इथे चुकलास. चुकलोही असेन. पण त्या दिवाळीच्या सुट्टीत मी जितका हसलो तितका कधी हसल्याचं आठवत नाही, म्हणून लिहायचं धाडस करतो आहे.

गोष्ट आत्याच्या पिकअपची आहे. जुन्या पेट्रोल जीपला मागे लोखंडी हौदा जोडलेली ही गाडी आत्याच्या नवऱ्याने घेतली होती. तो गेला तेव्हा सगळ्यांनी आत्याला गाडी विकायचा सल्ला दिला. ती आमच्या घरी राहायला आली ती गाडीसकट, आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळलेल्या तलावात गोल गोल फिरवून चालवायला शिकली. आता ती गावोगावच्या आठवडी बाजारांत भांडी विकते. हौद्यात जर्मनचे गंज म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली, पाण्याचे पितळी गुंड, झारे, चाळण्या. आणि लेकरं आयांना ओढत दुकानाकडे आणावीत म्हणून एका टोपलीत फुगे आणि पिपाण्या.

त्या सुट्टीत मी घरी पोचलो तर आत्यासाठी सोयरीक आली होती. आमच्याकडे बाईच्या दुसऱ्या लग्नाला पाट म्हणतात आणि तो गुपचूप उरकतात. माणूस आरमोरीच्या पलीकडच्या गावचा, धानाची शेती असलेला, त्याचीही बायको वारलेली. मध्यस्थाने सांगितलं की सगळं पसंत आहे, फक्त त्याच्या भावांचं म्हणणं आहे की बाजार आणि गाडी सोडावी लागेल. आत्याने विचारलं की तो स्वतः काय म्हणतो. मध्यस्थ म्हणाला, तो बोलतच नाही फारसा.

आत्या भाकरी थापत होती. थापता थापताच तिने जाहीर केलं की या खेपेला कुणी तिला पाहायला यायचं नाही, तीच त्याला पाहायला जाणार. रविवारी, भर दिवसा, स्वतःची गाडी चालवत.

"गाडी पाहा म्हनावं, मले पाहा. दोघींचं उत्तर एकच पाह्यजे, आन् त्याच्याच तोंडून पाह्यजे."

बाबा हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "बाई, पन तुही गाडी तं सासरी चाललेल्या पोरीवानी रडून राह्यली. थो चढाव चढन का?"

तोच प्रश्न होता. त्या गावाच्या आधी जंगलातून एक लांब चढाव आहे, आणि गाडीला महिनाभर दम नव्हता. चढावर आली की आचके द्यायची, तापायची, कधी कधी मध्येच बंद पडायची. आरमोरीच्या मिस्त्रीने नुसतं ऐकूनच सांगितलं होतं की टायमिंग हललं आहे. पण धानकापणीचा हंगाम, त्याच्या दारात मळणीयंत्रांची रांग, पंधरा दिवस तरी हात लागणार नव्हता. चढावावर गाडी बंद पडली आणि पाहायला गेलेल्या बाईला त्याच गावच्या लोकांनी ढकलत आणलं, तर पुढे काही बोलायचं उरलंच नसतं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "तू इंजिनाचंच शिकून राह्यला ना?"

मी म्हटलं, पुस्तकात एक आकृती आहे. खरंच एकच होती.

टायमिंग म्हणजे काय ते मला माहीत होतं. पिस्टन पेट्रोलची वाफ दाबत वर येतो, आणि तो माथ्याला पोचण्याच्या जरा आधी प्लगमध्ये ठिणगी पडली पाहिजे. उशिरा पडली तर गाडीला ओढ राहत नाही आणि इंजिन तापतं. फार लवकर पडली तर आत टकटक ठोके पडतात. कोणत्या प्लगला कधी ठिणगी द्यायची हे डिस्ट्रिब्युटर नावाचा डबा ठरवतो. बाकीचं शिकायला मोबाइल होता, पण नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर. मी पाळीवर जाऊन व्हिडिओ पाहायचो आणि विसरायच्या आत धावत घरी यायचो. अर्ध्या वाटेत कुणी "केव्हा आला बाबू?" विचारलं की अर्धं विसरायचो आणि परत जायचो.

अशाच एका फेरीत मी परत आलो तर इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या जागी भोक होतं. आत्या अंगणात बसून तो डबा चिंच आणि राखेने घासत होती. सगळ्या वायरी तिने ओढून काढल्या होत्या. जन्मभर भांडी विकलेल्या बाईला इतकी काळी वस्तू बघवलीच नाही. डबा पितळेच्या गुंडासारखा लखलखत होता.

मी विचारलं, कोणती वायर कुठे होती?

"थे तुह्या पुस्तकात असंन," ती म्हणाली.

वायरींचा क्रम व्हिडिओत मिळाला. एक, तीन, चार, दोन. डब्यातल्या पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप करणाऱ्या दोन टोकांच्या, मधली फट किती हवी तेही मिळालं, पण मोजायची पत्ती नव्हती. आत्याने कुणाची तरी जुनी लग्नपत्रिका आणली, तिच्या कोपऱ्याची जाडी त्या फटीत घालून पाहिली आणि म्हणाली, बसते बरोबर. मग डबा जागेवर बसवला, पुलीवरची खूण आणि इंजिनावरचा काटा जुळवला. आतली फिरती दांडी ज्या खाचेकडे बघत होती तिथे पहिली वायर, पुढे बाकीच्या ओळीने. मी तर मनातल्या मनात मिस्त्री झालो होतो. आत्याने स्टार्टर दाबला.

धडाम.

सायलेन्सरमधून असा बार निघाला की कोंबड्या सरळ कौलांवर गेल्या. दुसऱ्यांदा दाबला तर कार्ब्युरेटरमधून जाळ आला आणि माझ्या पुढच्या केसांचा वास सुटला. दिवस मावळेपर्यंत आम्ही अधूनमधून प्रयत्न करत होतो आणि गाव दर वेळी दचकत होतं. एका आजीने निरोप पाठवला की फटाके दिवाळीलाच संपवायचे असतात.

सकाळी शेजारचे काका आले. त्यांची धानाची बांधी आमच्या घराच्या मागेच आहे. आम्हाला वाटलं, भांडायला आले. ते ओट्यावर टेकले, चहा घेतला आणि म्हणाले की रात्री रानडुकरं आलीच नाहीत. एक लोंबी तुटलेली नाही. इतकी शांत झोप त्यांना हंगामात पहिल्यांदाच लागली होती.

"बाई, दुरुस्तीची एवढी घाई काऊन करतेस? धान कापू दे ना. तवरिक रोज सांजच्याले दोनदा फोडत जाय."

"तुमच्या डुकरांपायी मी बिनलग्नाची राहू का?" आत्या म्हणाली.

काकांनी विचार केला. मनापासून केला, तेच वाईट. मग म्हणाले, "पेट्रोलचे पैसे मी देतो."

मी तसाच पाळीवर पळालो, कारण हसू आवरत नव्हतं. आणि तिथे, व्हिडिओ उघडायच्या आधीच, पुस्तकातली ती आकृती डोळ्यापुढे आली. चार चित्रं, आणि त्यांत पिस्टन माथ्याला दोनदा! एकदा वाफ दाबून, एकदा जळालेला धूर बाहेर ढकलत. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. आम्ही ती धूर निघण्याच्या फेरीवर जुळवली होती, म्हणजे ठिणगी बरोबर उलट्या वेळी पडत होती.

आता दाबाची फेरी ओळखायची कशी? व्हिडिओतला माणूस पहिला प्लग काढून त्या भोकावर बोट ठेवत होता. दाबाच्या फेरीला हवा बोट उडवते. पण आमच्या इंजिनात ते भोक पाइपांच्या मागे दडलेलं, बोट नीट बसेना. आत्याने भोकाकडे पाहिलं, मग टोपलीकडे. एक लाल पिपाणी उचलली, तिला चिंधी गुंडाळली आणि भोकात घट्ट बसवली.

बाकीचे प्लगही काढून मी पुढून हँडल फिरवायला लागलो. एक फेरा झाला. फुस्स. दुसरा फेरा.

पीऽऽऽ.

इंजिनाने पिपाणी वाजवली. आत्या होती तिथेच मातीत बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. बाबा आतून विचारत आले की कोणाचं लेकरू आलं. त्यांना दाखवायला मी पुन्हा फिरवलं. मग बाबांनी हँडल मागितलं. मग काकांनी. काका वाजवत असताना गल्लीतली पाच-सहा लेकरं जमली आणि सगळ्यांनी आपापली पाळी लावली. कामाचं काय, हे बऱ्याच वेळाने आठवलं.

पिपाणी वाजत असतानाच खूण जुळवली. आतली दांडी आता आधीच्या बरोबर उलट बाजूच्या खाचेकडे बघत होती. पहिली वायर तिथे, बाकीच्या तिच्यामागून. पिपाणी काढून प्लग परत बसवले, आत्याने स्टार्टर दाबला आणि गाडी एकदाही न खोकता चालू झाली. काकांनी सुस्कारा सोडला.

राहिलं होतं बारीक जुळवणं. डबा किंचित फिरवायचा, गाडी पाळीच्या चढावर न्यायची, ओढ कमी वाटली तर इकडे, टकटक आली तर तिकडे. अडचण एवढीच की वजनासाठी हौद्यात सगळा माल ठेवला होता, आणि गंज एकमेकांवर आपटत असताना इंजिनाची टकटक कोण ऐकणार? शेवटी गंजागंजात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, कोंबलं. गाव पाहत होतं, तणसाने भरलेली भांडी घेऊन आत्या आणि मी एकच चढ पुन्हा पुन्हा चढतो आहोत. मग एका फेरीला काहीच ऐकू आलं नाही. ठोका नाही, आचका नाही. आत्याने वर पोचून इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "हे असंच राहू दे. आता बोट नको लावू."

रविवारी मला चंद्रपूरला परतायचं होतं, सोमवारी प्रॅक्टिकल होतं. आत्याने मला रस्त्यापर्यंत सोडलं. नवं पातळ, कपाळाला टिकली, आणि नखांत काळं ऑइल. मी म्हटलं, लिंबू लावून घे, निघेल. ती म्हणाली, "राहू दे. पाहू दे त्यायले." एवढं बोलून ती जोरात गेली, पण वळणावर हात हलवायला विसरली. घाबरली होती ती, मला कळलं.

होस्टेलवर मी दर तासाला फोन लावत होतो. लागत नव्हता. बाबा पाळीवर गेले की लागणार, आणि आमचीही कापणी सुरू झाल्याने बाबांना पाळीवर जायला सवड नव्हती. सोमवार गेला. प्रॅक्टिकलला मी आरशाऐवजी भिंग उचललं. मंगळवारी चढाव डोळ्यापुढे यायचा, बुधवारी ते न बोलणारे भाऊजी. मी मनात त्यांना भाऊजी म्हणायला लागलो होतो आणि आत्याचा नवरा भाऊजी कसा होईल हेही सुचत नव्हतं. गाडी चढली असेल, पण गाडीने वर पोचणं आणि त्याने हो म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

शुक्रवारी मेसमध्ये जेवताना फोन वाजला. बाबा धापा टाकत होते.

"जमलं," ते म्हणाले.

मी ताटावरून उठलो. कसं जमलं, काय म्हणाला तो, गाडीचं काय? बाबा म्हणाले, भावांनी पुन्हा बाजार सोडायची गोष्ट काढली तर तो पहिल्यांदाच बोलला, की सोडायची असती तर ती इतका चढ चढून आली नसती. एवढंच बोलला. आणि काल आत्याच्या बाजाराच्या दिवशी तो स्वतःच येऊन हौद्यात चढला, दिवसभर तिच्या बाजूला बसून गंज विकत होता. अख्खा बाजार पाहायला लोटला होता.

"मंग आत्या काय म्हनते?" मी विचारलं.

"काय म्हनंन. मानूस चांगला हाय म्हनते," बाबा म्हणाले, "पन गिऱ्हाईक मांगन त्या भावात थो भांडं देऊन टाकते. फुडच्या बाजारापासून त्याले नुसतं तणीस भरायले ठेवनार हाय."