मॅच पॉइंटला आलेला कावळा

आधीच सांगतो, असल्या गोष्टी मानणारा माणूस मी नाही. शाळा चौथीपर्यंत, पण अक्कल त्याच्यापुढची आहे. करणी, भूत, अंगात येणं... कोणी सांगायला आलं की मी त्याला चहा पाजून वाटेला लावतो. हे मी हाताने लिहिलंय, नातीने मोबाईलवर चढवलंय. तिला बजावलंय, एक शब्द सुधारायचा नाही.

मी रत्नागिरीचा. भाट्याच्या बाजूला एक क्लब आहे, तिथलं कँटीन मी आणि माझी बायको चालवायचो. म्हणजे चालवायची ती, मी गॅसच्या टाक्या उचलायचो. क्लबात तांबड्या मातीची कोर्टं आहेत. डिसेंबरात तिथे बायकांची टेनिसची स्पर्धा होते. टीव्हीवर दाखवतात तसली मोठी नाही, खालच्या पायरीची. पण खेळणाऱ्या पोरी पोटासाठी खेळतात, देशोदेशीहून येतात.

त्यात एक आन्या म्हणून यायची. कुठल्याशा बर्फाच्या देशातली, माडासारखी उंच. बायको तिला अनू म्हणायची. दरवर्षी यायची आणि सिंगल्सच्या पहिल्याच फेरीत हरायची. बाकीच्या पोरींबरोबर कोच, आई, कोणीतरी असायचं. ही एकटी.

"एकटी येते, एकटी हरते, एकटीच एसटीत बसते," बायको म्हणायची. "अहो, हिच्या आईला झोप कशी लागत असेल?"

"तिच्या आईचं ती बघेल. तू भजी बघ, करपतायत."

ऐकते कुठे! सकाळी अनूला गरम घावन घालायची, वर एक केळीच्या पानात बांधून द्यायची. मॅचला जाळीबाहेर बसून ओरडायची, "मार गो बाय माझी, मार!" टेनिसात गप्प बसायचं असतं. पंचबाई उंच खुर्चीवरून म्हणायच्या, "आजी, प्लीज!" ही पदर तोंडाला लावायची आणि पुढच्या पॉइंटला पुन्हा सुरू.

यंदा गणपती गेले आणि मागोमाग ती गेली. छातीत कळ आली, संपलं.

दहावं खाडीवर केलं. पिंड ठेवला. झाडावर कावळे हे एवढे, पण एकही खाली येईना. म्हणजे काहीतरी इच्छा राहिली. मग एकेकाने तिला शब्द द्यायला सुरुवात केली. मुलगी म्हणाली, "आये, बाबांना रोज डबा पाठवीन." मुलगा म्हणाला, "आये, बाबांना मुंबईला नेतो, एकटं ठेवत नाही." मी म्हटलं, "गोळ्या वेळेवर घेईन गो, ये आता." काही नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

लोकांना मी सांगितलं, कावळा म्हणजे कावळा, भूक लागली की येतो. लोकांना सांगितलं... पण मला ते लागलं. एवढा संसार केला आणि हिला काय हवं होतं ते मला माहीत नाही? रोज डोक्यात तेच. मुंबईला काही गेलो नाही. कँटीन उघडायचो, चहा-बिस्किटं विकायचो, बंद करायचो. मुलीचा डबा तसाच परत जायचा. बायकोच्या बिडाच्या तव्याला मी हात लावला नाही.

डिसेंबरात अनू आली. गल्ल्यामागे वाकून बघायला लागली. मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. हार बघितला तिने. बाकावर बसली. मग हळूच म्हणाली, "घावन?"

राग आला मला. ही माणूस आहे की कोण! पण बायकोचा तवा खुंटीवरून उतरवला. पहिलं घावन चिकटलं. दुसरं फाटलं. तिसरं जरा घावनासारखं दिसलं. फाटलेलं तिने मुकाट्याने खाल्लं, तिसरं मी पानात बांधून दिलं.

मॅच भर दुपारची. समोर पुण्याची एक पोरगी, दणादण मारणारी. अनूने पहिला सेट घालवला, दुसराही हातातून चालला. आता समोरचीला एकच पॉइंट हवा होता, मॅच पॉइंट. सर्व्हिस अनूची. तिच्या खुर्चीवर पान सोडलेलं, घावन अख्खं, शिवलेलंसुद्धा नाही. मी जाळीच्या दाराशी बसलो होतो, बायको बसायची त्याच जागी.

आणि कावळा आला. नेटच्या पांढऱ्या पट्टीवर, बरोबर मधोमध बसला.

कसं सांगू... समुद्राची गाज थांबली. वारा थांबला, पण सुरूची झाडं हलत होती. ऊन कोकमाच्या सरबतासारखं झालं, लालसर, गार. अनूने चेंडू वर टाकायला हात उचलला होता, तो तिने खाली घेतला. कोणी "हाड" म्हणेना, कोणी हलेना. कावळा मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता. बायको भाजीवाल्याकडे बघायची तसा... बोल, काय देतोस?

मी उभा राहिलो. हात जोडले. म्हटलं, "जिंकेल गो ती."

कावळा ढिम्म. बरोबरच आहे, ते माझ्या हातात होतं कुठे!

मग माझ्या तोंडून निघालं, "हरली तरी खायला घालीन. येईल तेव्हा घालीन. माझे हात चालतायत तोवर तुझी अनू उपाशी जायची नाही."

कावळा उडाला. अनूच्या खुर्चीवर उतरला, घावनाला चोच मारली, तुकडा घेतला आणि माडांवरून खाडीकडे गेला.

"आजोबा, प्लीज!" पंचबाईंचा आवाज. एकदम गाज सुरू झाली, ऊन भाजायला लागलं. मी खाली बसलो. अनूने सर्व्हिस केली, नेटमध्ये. दुसरी केली, ती बाहेर. मॅच संपली. एवढं सगळं होऊन बया डबल फॉल्ट करून हरली.

नंतर मी पंचबाईंना म्हटलं, "कावळ्याने मॅच अडवली की हो."

"कुठला कावळा आजोबा? तुम्ही मध्येच उभं राहून बोलायला लागलात म्हणून मी खेळ थांबवला."

क्लबातल्या एकाने मोबाईलवर शूटिंग केलं होतं. बघितलं. नेट रिकामी. मी येड्यासारखा हात जोडून नेटशी बोलतोय. पण अनूसुद्धा रॅकेट खाली धरून उभी आहे, आणि बघतेय नेटच्या मधोमध. पंचबाईंकडे नाही, माझ्याकडे नाही.

ती कँटीनला आली तेव्हा मी दोन्ही हात पंखांसारखे हलवले आणि भुवया उडवल्या. तिने मान डोलावली. हवेत आडवी नेट काढली, तिच्या मधोमध बोट टेकवलं. मग पान उघडून दाखवलं. घावनाची एक कड तुटलेली. राहिलेलं तिने माझ्यासमोर बसून खाल्लं, रडत रडत, आणि संध्याकाळच्या एसटीने गेली.

कुत्र्याने खाल्लं म्हणावं तर कोर्टाला चारी बाजूंनी जाळी. मला भास झाला म्हणावं तर बर्फाच्या देशातल्या पोरीला तोच भास कसा? खूप डोकं चालवलं, उलगडत नाही. तुम्हाला कळलं तर सांगा. एक मात्र कळलं. दहाव्याला आम्ही सगळे माझीच सोय लावत बसलो होतो, आणि हिला माझी काळजीच नव्हती!

मी आता रोज तवा ठेवतो. अनू येईल तोवर हात बसायला हवा. पहिलं घावन अजून चिकटतंच, ते मी खातो. दुसरं कँटीनच्या मागे ठेवतो. एक कावळा येतो. तो साधाच आहे, भूक लागली की येतो.