पोपटाचा पगार

पोपटाला नको ते बोलायला कोण शिकवतं, असं तुम्हाला वाटतं? पाळणारा? घाई करू नका. निम्मे लोक इथेच घसरतात, मालकाला दोन शब्द सुनावतात आणि हात झटकून मोकळे होतात. त्या पोपटासोबत ज्यांना दिवस काढायचे असतात, त्यांना मोकळं होता येत नाही.

किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये कपडे शिवायचं एक दुकान आहे. ते एक बाई चालवते. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि टाचण्या ओठांत असूनही तोंडाचा पट्टा चालू. सगळे तिला ताई म्हणतात, तिच्या वडिलांच्या वयाचे लोकसुद्धा. शर्टाच्या बाह्या लांब झाल्यात असं कुणी म्हटलंच, तर बाह्या बरोबर आहेत, तुमचेच हात आखूड आहेत, हे ती माप घेऊन सिद्ध करते. गिऱ्हाईक चिडतं, पण परत येतं. तिच्या हातची कॉलर मान वर करून बसते ना.

दुकानात ती आणि तिचा धाकटा भाऊ. काजं, बटणं, इस्त्री आणि काउंटर हे त्याचं काम. स्वभावाने शांत, हाताने सफाईदार आणि बोलताना अडखळणारा. लहानपणापासूनच. शब्दाच्या सुरुवातीलाच गाडी अडते, एकदा सुटली की नीट जाते. त्यातही 'उ' आला की हमखास अडते. आता शिवणाऱ्याच्या दुकानात दिवसभरात सगळ्यात जास्त कोणता शब्द बोलावा लागतो, ते तुम्हीच सांगा. पॅन्ट झाली का? उद्या. फ्रॉकला लेस लागली का? उद्या. जगातल्या एवढ्या धंद्यांतून नेमका हाच त्याच्या वाट्याला आला.

पोपट त्यांनी विकत घेतला नव्हता. एका गिऱ्हाइकाने आठवडाभरासाठी म्हणून पिंजरा ठेवला आणि तो गाव सोडून गेला तो गेलाच. त्याचा कोटही अजून हँगरवर लटकतोय. पोपट राखाडी, शेपटी लाल, डोळ्यांभोवती पांढरं कडं. मान तिरकी करून तो असा बघायचा, जणू दुकानाची तपासणीच करायला आलाय. त्यामुळे त्याचं नाव पडलं साहेब. साहेबांनी ताईचा पहिल्याच दिवशी चावा घेतला. धाकट्याच्या मात्र खांद्यावर जाऊन बसले. इस्त्री बंद करून ती गार झाली की धाकटा पाण्याच्या फवाऱ्याने साहेबांना अंघोळ घालायचा, आणि साहेब पंख पसरून, डोळे मिटून, सुट्टीवर आल्यासारखे उभे राहायचे.

पोपट ज्याच्यावर जीव टाकतो, त्याचाच आवाज उचलतो. साहेबांनी धाकट्याचा उचलला. एक दिवस कुणीतरी दारातून विचारलं, "झाला का शर्ट?" आणि धाकटा तोंड उघडायच्या आत पिंजऱ्यातून उत्तर आलं, "उ-उ-उद्या." तोच आवाज, तीच अडखळ, शेवटी तोच सुटकेचा श्वास.

दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक लांब बाक आहे. तो बाक हसून हसून लोळायचा बाकी राहिला. तिथे रोज वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या पोस्टमनकाकांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. पहिल्या वेळी धाकटाही हसला. दुसऱ्या वेळीही. पुढे त्याचं हसू आटलं, बाकाचं नाही आटलं. लोक येता-जाता डोकं आत घालून विचारायला लागले, "काय साहेब, कधी?" उत्तर आलं की खिदळत पुढे जायचे. हळूहळू धाकट्याने दुकानात बोलणंच सोडलं. तारीख चिठ्ठीवर लिहायची, ती कापडाला टाचायची आणि मान हलवायची. एवढाच कारभार.

मग त्याने ताईला सांगितलं, तेही घरी, पाठमोरा उभा राहून, की शहराबाहेरच्या एका गोदामात खोकी चिकटवायचं काम आहे. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. महिनाअखेर त्यांना हो किंवा नाही कळवायचं आहे.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. तिला भाऊ गोदामात नको होता. हाताला एवढी सफाई असलेला माणूस खोक्यांना पट्ट्या चिकटवणार, आणि तेही तोंड उघडावं लागू नये म्हणून. तिने सरळ पोपट देऊन टाकायचा ठरवला. झेरॉक्सवाला घ्यायला तयारही झाला. तर धाकटा पिंजरा पोटाशी धरून दारात उभा राहिला. साहेब जाणार असतील तर तो आजच गोदामात जाणार. झालं. ज्याच्यामुळे त्रास, त्यालाच कवटाळून बसलेला. ताईने कपाळाला हात लावला.

मग सुरू झाले उपाय. आधी दटावणी. साहेब बोलले की ताई मशीन थांबवून ओरडायची. मग पिंजऱ्यावर अस्तराचं काळं कापड टाकून झालं. कापडाखालून तोच शब्द, फक्त जरा घुमून. मग पिंजरा मागच्या खोलीत. तिथे एकटे पडले की साहेब स्वतःच्या छातीची पिसं उपटायला लागले. ते पाहून धाकट्याने जेवण टाकलं. शेवटी नाइलाज झाला आणि ताईने पिंजरा उचलून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेला.

डॉक्टरीणबाई वयाने ताईपेक्षा लहान आणि बोलायला थेट. त्यांनी समजावलं ते असं. पक्षी पोटासाठी काम करतो आणि कौतुकासाठीही. जे केल्यावर काही मिळतं ते तो पुन्हा करतो, ज्यावर काहीच मिळत नाही ते हळूहळू सोडतो. मारू नका, झाकू नका, धाक दाखवू नका. हवं ते त्याने केलं की त्याच क्षणी जिभेने 'टक' असा आवाज काढायचा आणि सूर्यफुलाचं बी द्यायचं. नको ते केलं की भिंत व्हायचं. चेहरासुद्धा हलवायचा नाही.

"आणि ताई," त्या शेवटी म्हणाल्या, "तुम्ही ओरडता ना, ते त्याला बियांपेक्षा गोड लागतं. एवढी मोठी बाई हातातलं काम टाकून आपल्याकडे धावत येते, अजून काय पाहिजे त्याला?"

ताईला हे लागलं. आजवर तिच्या ओरडण्याला कुणी गोड म्हटलं नव्हतं.

पण करायचं म्हटलं की ती करते. सकाळी दुकान उघडण्याआधी, साहेबांच्या पोटात काही नसताना, शिकवणी सुरू झाली. पहिला धडा रिकाम्या रिळाचा. रीळ पुढे धरायचं, साहेबांनी चोच लावली की टक, बी. सुरुवातीला ताईची टक उशिरा यायची. तोवर साहेबांनी रीळ सोडून तिची बांगडी धरलेली असायची, आणि बी मिळायचं ते बांगडीसाठी. म्हणजे साहेब बांगडी ओढायला शिकले. तिने मनातल्या मनात काय काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही. पण भिंत झाली. पुढे टक वेळेवर पडायला लागली. साहेब रिळामागे पिंजऱ्याबाहेर आले, टेबलावरून चालले, बोलावल्यावर हातावर आले. ताईला पुन्हा चावले नाहीत.

मग खरा धडा. 'उद्या'च्या जागी दुसरं काहीतरी द्यायचं. नुसतं काढून घेतलं तर जागा रिकामी राहते आणि जुनंच परत येऊन बसतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. धाकटा शीळ छान घालतो. शिळेत तो अडखळत नाही. त्याने दार उघडताना एक छोटी, वर चढणारी शीळ घालायची, साहेबांनी ती उचलली की टक, दोन बिया. साहेबांनी ती चटकन उचलली. सकाळी बंद दुकानात दार करकरलं की शीळ, पुन्हा करकरलं की पुन्हा शीळ. ताईचा जीव भांड्यात पडला.

आणि दुकान उघडलं की सगळं मुसळ केरात. कारण बाक.

दार वाजलं की साहेब आधी शीळ घालायचे. कुणी वर बघायचं नाही. मग ते मान तिरकी करून "उ-उ-उद्या" म्हणायचे आणि अख्खा बाक पगार घेऊन हजर. ताईचं बी एका बाजूला, आणि पाच-सहा माणसांचं खदखदून हसणं दुसऱ्या बाजूला. कोण जिंकणार? तिने बाकाला हात जोडले. सांगितलं, शीळ घातली की हसा, वाहवा करा, ते दुसरं बोलला तर वर्तमानपत्रात डोकं घाला. पोस्टमनकाका हो हो म्हणाले आणि पुढच्याच वेळी वर्तमानपत्रामागे खांदे गदगदा हलवत बसले. वर्तमानपत्र थरथरतंय हे साहेबांना दिसत होतं. साहेब काय आंधळे आहेत?

मग ताईने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात पाटी लिहिली: 'पोपट बोलल्यास हसू नये.' आजवरच्या सगळ्या उपायांत हा सर्वात मूर्ख ठरला. ज्यांना पोपट बोलतो हे माहीतही नव्हतं, ते पाटी वाचून आत यायला लागले. बोलतो म्हणजे काय बोलतो? एकदा बोलून दाखव की. तिने पाटी फाडली आणि एका माणसाचं पॅन्टचं कापड माप न घेताच परत दिलं. तो म्हणाला, "अहो, एवढंसं हसलो तर काय आभाळ कोसळलं?" त्यावर तिचं तोंड सुटलं ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. आणि पिंजऱ्यात साहेब पिसं फुगवून, नाचत, तो शब्द सलग म्हणत सुटले. आज दुप्पट पगार होता ना.

पुढे बाक सुधारला, नाही असं नाही. पोस्टमनकाकांना एकदा धाकट्याने साहेबांची पिसं उपटलेली छाती दाखवली, नुसतं बोट ठेवून. त्यानंतर ते खरंच छताकडे बघायला लागले आणि शिळेला टाळी द्यायला लागले. शीळ वाढली, शब्द कमी झाला. पण रोज कुणीतरी नवीन यायचं, एकदाच फिसकन हसायचं, आणि साहेब पुन्हा आशेला लागायचे. विसात एकदा मिळालं तरी पक्षी सोडत नाही. विसात एकदा मिळणाऱ्या गोष्टीचा पिच्छा माणसं तरी कुठे सोडतात?

महिना सरत आला. धाकटा अजून चिठ्ठ्याच लिहीत होता. एका दुपारी बाक रिकामा असताना ताईचा बांध फुटला. मशीनवरून उठून तिने हिशेबच मांडला. बिया मी आणल्या, टक टक करून माझी जीभ सोलली, लोकांशी भांडणं मी घेतली, गिऱ्हाइकं मी तोडली. पोपट सुधारतोय, बाकावरचा म्हाताराही सुधारला. आता तू का बोलत नाहीस?

धाकटा इस्त्री उभी करून म्हणाला, "साहेब मला ह-ह-"

"हसत नाहीत, माहितीये, हसतो तो बाक," ताई म्हणाली.

तो थांबला. मग हळूच म्हणाला, "तू पण."

ताईला आधी समजलंच नाही. ती कधी हसली होती त्याला? लहानपणी त्याला चिडवणाऱ्या पोराचं नाक तिने फोडलं होतं. शाळेत, दवाखान्यात, दुकानात, त्याचं वाक्य अडलं की ती धावून जायची आणि पुरं करायची. त्याला त्रास नको म्हणून. आणि मग तिच्या लक्षात आलं आणि तिचे कान तापले. तो अडला की शब्द आयता मिळत होता, आणि पुरं बोलला की काहीच नाही. एवढी वर्षं.

याचा तिला राग आला, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना. साहेबांना भिंत दाखवणं सोपं होतं. भावाला शब्दाच्या दारात धडपडताना बघून गप्प बसायचं, म्हणजे टाचण्या गिळण्यासारखं.

काल गोदामाच्या मुकादमाचा फोन आला. ताईचा हात सवयीने पुढे गेला. तिने तो मागे घेतला आणि कात्री घट्ट धरली. धाकट्याने फोन कानाला लावला. पलीकडून विचारलं गेलं असावं, येतोस की नाही. तो अडला. "उ" वर अडला, पुन्हा अडला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. ताईच्या जिभेवर तो शब्द अख्खा तयार होता. तिने ओठ चावला. पोस्टमनकाका छताकडे बघत होते.

"उ-उ-उद्या सांगतो," धाकटा म्हणाला. कितीतरी दिवसांनी बाकासमोर मोठ्याने.

मागून साहेबांनीही तो शब्द म्हटला. आणि मापासाठीच्या पडद्याआडून, ज्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं असा एक माणूस फिसकन हसला.

धाकट्याने फोन ठेवला, इस्त्री उचलली आणि कॉलर दाबायला लागला. चेहऱ्यावर काहीच नाही. ताई त्या पडद्याकडे बघत उभी होती. त्या माणसाचा कोट तिने बिघडवला नाही, हे तिचे उपकार.

गोदामाला उत्तर अजून गेलेलं नाही. ते आज जायचं आहे, आणि दुकान संध्याकाळपर्यंत उघडं आहे. तेव्हा तुमचं काही शिवायचं, उसवायचं असेल, तर जा. साहेब शीळ घालतील तेव्हा खुशाल हसा, हवी तर टाळीही वाजवा. पण कपडे कधी मिळतील हे काउंटरवरच्या माणसाला विचारलंत आणि तो अडला, तर घड्याळात बघू नका, मान डोलावू नका, तो शब्द स्वतः म्हणू नका. उभे राहा, आणि तो म्हणेपर्यंत थांबा.